रूपक आणि साक्ष

एखादे वाक्य शब्दशः घ्यावयाचे की लक्षणेने घ्यावयाचे, हा प्रश्न आपल्या अलंकारशास्त्राने फार पूर्वी सोडविला आहे, अशी आपली समजूत असते. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे' असे कोणी म्हटले, तर वाहत्या पाण्यावर घरे उभी राहत नाहीत हे आपण जाणतो, आणि 'गंगेवर' म्हणजे 'गंगेच्या काठावर' असा अर्थ करून मोकळे होतो. मम्मटाने या व्यापाराची तीन अंगे सांगितली आहेत. मुख्य अर्थाला बाध यावा, दुसरा अर्थ पहिल्याशी संबद्ध असावा, आणि तसे बोलण्यामागे रूढी किंवा काही प्रयोजन असावे. मीमांसकांचा मार्गही फारसा निराळा नाही. यज्ञातील खांबाला सूर्य म्हटले, तर खांब हा खांबच आहे हे डोळ्यांना दिसत असते. म्हणून ते वाक्य स्तुतिपर समजावयाचे. दोन्ही ठिकाणी पहिली पायरी एकच आहे. जग कसे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते, वाक्य त्या ठाऊक असलेल्या जगाशी विसंगत ठरते, आणि मग आपण म्हणतो की येथे रूपक आहे.

आता असे एक जग कल्पावे की ज्यात अशक्य असे काही नाही. तेथे पाण्यावर खरोखर वस्ती असू शकेल आणि खांब खरोखर सूर्य असू शकेल. अशा जगातील एखाद्या ग्रंथात 'मी अंड्यातून जन्मलो' असे कोणी लिहून ठेवले, तर ती हकिकत समजावी की रूपक? मुख्यार्थाला बाध येण्याची सोयच जेथे उरली नाही, तेथे लक्षणेने प्रवेश कोणत्या दाराने करावा? हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु 'हे केवळ रूपक आहे' या चार शब्दांनी कधी कधी एखाद्याचा गुन्हा झाकला जातो, आणि कधी एखाद्याची व्यथा पुसली जाते. म्हणून तो नीतीचाही प्रश्न आहे, आणि त्या बाजूनेच त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्या जगाच्या आधारे हा विचार करावयाचा ते एका व्हिडिओ गेममधील आहे, हे सांगताना काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु नाटक आणि कादंबरी यांनाही एके काळी रिकामटेकड्यांचे उद्योग मानले जात असे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील बेथेस्डा या कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतील तिसरा खेळ 'मॉरोविंड' २००२ साली प्रसिद्ध केला. तलवारी, जादू आणि राक्षस हे अशा खेळांचे नेहमीचे साहित्य त्यात आहेच. परंतु त्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. व्हार्डेनफेल नावाच्या बेटावर त्याची कथा घडते. बेटाच्या मध्यभागी लाल पर्वत नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या राखेची वादळे सर्वत्र घोंगावत असतात. झाडांच्या जागी घरांएवढ्या अळंब्या उभ्या आहेत. मजल्यांएवढ्या उंच पायांच्या एका किड्याच्या पाठीवर, त्याचे कवच पोखरून केलेल्या जागेत बसून, लोक गावोगाव प्रवास करतात. एका शहरातील सरदारांचे वाडे एका प्रचंड मृत खेकड्याच्या कवचात आहेत. आणि या लोकांच्या देशात तीन देव सदेह राहतात. त्यांपैकी एकाला जाऊन भेटता येते, त्याच्याशी बोलता येते, आणि त्याला अडचणीचे प्रश्नही विचारता येतात.

या देवाचे नाव व्हिवेक. आपल्या 'विवेक' या शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य आहे. त्यावर काही सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही, पण मराठी कानाला ते चाटून गेल्यावाचून राहत नाही. त्याचे अर्धे अंग सुवर्णवर्णी आणि अर्धे राखेच्या रंगाचे आहे. या दोन रंगांतच बेटाचा सारा इतिहास साठविला आहे. तेथील लोक पूर्वी सोनेरी कांतीचे होते. पुढे ते राखाडी त्वचेचे आणि लाल डोळ्यांचे झाले. तो बदल अझुरा या देवतेच्या शापामुळे झाला, असे एक पक्ष म्हणतो. तो शाप नव्हे, ते वरदान होय, असे दुसरा म्हणतो. शाप असेल तर तो कशाबद्दल, हा प्रश्न ओघाने येतो, आणि त्याबरोबर आपण कथेच्या गाभ्याशी येतो.

नेरेव्हार हा या लोकांचा सेनापती. लाल पर्वताच्या युद्धानंतर त्याचा मृत्यू झाला. व्हिवेक, अल्मालेक्सिया आणि सोथा सिल हे त्याचे तीन निकटवर्ती पुढे देव झाले. नेरेव्हार कसा मेला? खेळात याचे एकच एक उत्तर कोठेही दिलेले नाही. उत्तरे अनेक आहेत, आणि ती निरनिराळ्या लहान ग्रंथांतून बेटभर विखुरलेली आहेत. मंदिराचे अधिकृत मत असे की तो युद्धातील जखमांनी मेला, संतपदाला पोचला, आणि त्याचे तिघे साथीदार आपल्या तपाने व सद्गुणांनी देवत्वाला चढले. राखेच्या माळरानावर राहणाऱ्या भटक्या टोळ्यांची परंपरा सांगते की त्या तिघांनी एका विधीच्या वेळी त्याच्यावर विषप्रयोग केला आणि पर्वताखाली दडलेल्या एका पुरातन देवाच्या हृदयातून देवपण चोरले. नेरेव्हारच्या एका ढालकरी सोबत्याने ही हकिकत आपल्यापर्यंत आणली, असे या टोळ्या मानतात. मंदिरातून फुटून निघालेल्या पुरोहितांनी गुप्तपणे जपलेली तिसरी हकिकत खुद्द व्हिवेकच्या तोंडची आहे. तीत नेरेव्हार जखमांनीच मरतो. मात्र त्या हृदयाची शक्ती कधी वापरणार नाही अशी शपथ त्याने आम्हांकडून घेतली होती आणि ती आम्ही पुढे मोडली, एवढे व्हिवेक मान्य करतो. पर्वतात दबा धरून बसलेला डॅगोथ उर हा तर आपण नेरेव्हारच्या आज्ञेचेच पालन करीत होतो, असे समजतो. त्याच्या लेखी विश्वासघात झाला तो त्याचा.

माझा रोजचा व्यवसाय कागद वाचण्याचा आहे, म्हणून एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. केंद्र सरकारच्या कचेरीत एकाच प्रकरणावरील तीन परस्परविरोधी टिपणे एका फाईलमध्ये पुढे येतात, तेव्हा कोणते टिपण अधिक सुबक भाषेत लिहिले आहे हे कोणी पाहत नाही. ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले होते की ऐकले होते, आणि ते मान्य झाल्यास कोणाचे काय साधते, एवढे चार प्रश्न विचारले जातात. नेरेव्हारच्या प्रकरणाला हे चार प्रश्न लावून पाहावेत. मंदिराचे मत मान्य झाले तर मंदिराची सत्ता टिकते. टोळ्यांचे मत मान्य झाले तर टोळ्यांच्या हाती मंदिराविरुद्ध एक शस्त्र येते. दोन्ही पक्षांचा स्वार्थ उघड आहे. फुटीर पुरोहितांनी जपलेली हकिकत मात्र थोडी निराळी आहे. तीत बोलणारा स्वतःच्या विरुद्ध काही बोलतो. स्वतःस प्रतिकूल असे विधान अधिक विश्वासार्ह मानावे, हा व्यवहारातला जुना नियम आहे. परंतु लहान अपराध कबूल करून मोठा लपविणारेही जगात पुष्कळ असतात, हा अनुभवही तितकाच जुना आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या साऱ्या हकिकतींखेरीज खेळात आणखी एक ग्रंथ आहे, 'व्हिवेकची छत्तीस प्रवचने'. ती छत्तीस लहान पुस्तकांच्या रूपाने दुकानांत, मंदिरांत, घरांच्या फडताळांवर सापडतात. मायकेल कर्कब्राइड या लेखकाने ती लिहिली. प्रथमदर्शनी ती वेड्याची बडबड वाटतात. त्यांत व्हिवेक एका सामान्य स्त्रीच्या उदरातील अंड्यातून येतो, जन्मण्यापूर्वीच उपदेश ऐकतो आणि देतो, राक्षसांशी झुंजतो, त्यांच्याशी विवाह करतो, त्यांना संततीही होते. वाचक प्रथम हसतो; मग 'हे सारे रूपक आहे' असे म्हणून पुस्तक ठेवून देतो.

परंतु असे म्हणण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला? ज्या बेटावर तो उभा आहे तेथे राजवाडा खेकड्याच्या कवचात आहे, पूर्वजांची भुते थडग्यांची राखण करतात, आणि प्रत्यक्ष देव आपल्या महालात अधांतरी बसलेला आहे. तेथे अंड्यातून देव निघाला तर मुख्यार्थाला कसला बाध आला? आपल्या शास्त्राने सांगितलेल्या तीन अंगांपैकी पहिले अंग येथे लुळे पडते. अशक्यता हा पुरावा उरत नाही. मग उरते काय? उरते ते तिसरे अंग, प्रयोजन. असे बोलण्याने बोलणाऱ्याला काय साधावयाचे आहे, हा एकच प्रश्न हाती राहतो. म्हणजे आपल्या नित्याच्या जगात रूपक ओळखण्यासाठी निसर्गाचे ज्ञान पुरते. अद्भुताच्या जगात मात्र त्यासाठी माणसाचे ज्ञान लागते. पहिल्या ठिकाणी अशक्य काय हे विचारून भागते. दुसऱ्या ठिकाणी कोण बोलतो आणि का बोलतो, हे विचारावे लागते. वाचनाचे काम पदार्थविज्ञानाच्या हातून निघून नीतीच्या हाती जाते ते येथे.

आणि व्हिवेकचे प्रयोजन काय होते, हे तोच एका विलक्षण रीतीने सांगतो. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी आहे. ती कोणत्याही गूढ ग्रंथात असावी तशी दिसते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. परंतु तो आकडा म्हणजे त्या त्या प्रवचनातील शब्दाचा क्रमांक समजून एकेक शब्द उचलला, तर त्यांतून एक साधे, निरलंकार निवेदन तयार होते. त्याचा आशय असा, की तो देव म्हणून जन्मला नव्हता. या अपराधाकडे त्याला दैवाने ओढले नाही. त्याने हा मार्ग स्वतःच्या इच्छेने निवडला. त्याने देवपण चोरले आणि आपल्या सेनापतीचा वध केला. आणि हे लिहिणारा व्हिवेक स्वतःच आहे.

या निवेदनात एकही रूपक नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. छत्तीस प्रवचने उपमा, उत्प्रेक्षा आणि अतिशयोक्ती यांनी ओसंडून वाहतात, आणि त्यांच्या पोटात लपलेली ही चार वाक्ये कोरड्या जबानीसारखी आहेत. अंड्याची कथा वर आहे. खुनाची जबानी खाली आहे. वरची कथा सांगते की मी जन्मतःच देव होतो. खालची जबानी तेच पहिल्या वाक्यात नाकारते. मग वरच्या कथेला रूपक का म्हणावयाचे, याचे उत्तर मिळते. अंड्यातून जन्मणे अशक्य आहे म्हणून नव्हे. ती कथा जे झाकते ते आपल्याला सापडले आहे, म्हणून. आणि ज्याने झाकण घातले त्यानेच ते उघडण्याची किल्लीही ग्रंथात ठेवून दिली. त्याला भूतकाळ आपल्या सोयीने पुन्हा लिहिता येत होता. त्याने तो लिहिलाही. तरीही पुसता येण्यासारखी एक गोष्ट त्याने पुसली नाही. यालाच सदसद्विवेक म्हणावयाचे की गुन्हेगाराचा गर्व, याविषयी मतभेद होतील. मला तो सदसद्विवेक वाटतो. कारण गर्वाने लिहिणारा आपला पराक्रम इतक्या खोल जागी लपवीत नाही.

येथे एक आक्षेप येईल. तो असा, की या कल्पित जगात प्रमाण काय, हे ठरविणार कोण? पाश्चात्त्य चाहते यालाच 'कॅनन'चा वाद म्हणतात आणि त्यावर वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येतात. कायद्याने या जगाची मालकी कंपनीची. परंतु प्रवचने लिहिणारा कर्कब्राइड कंपनीच्या नोकरीतून बाहेर पडल्यावरही या जगाविषयी लिहीतच राहिला; २०१४ साली 'कोडा' नावाची एक चित्रकथेची संहिता त्याने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. ती प्रमाण मानावी की नाही? मालकाचा शब्द मोठा की जन्मदात्याचा? आणि दोघांच्याही पलीकडे ग्रंथाचा स्वतःचा काही शब्द असतो की नाही?

हा वाद आपल्याला अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी तीत आपली भर घालू नये, असे निक्षून बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. त्या आवृत्तीची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. संपादकांनी जो श्लोक मूळ संहितेत घेतला नाही, तो त्यांनी फेकूनही दिला नाही. तो पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात, कोणत्या हस्तलिखितात सापडला या नोंदीसह, छापला. म्हणजे निर्णय तर दिला, पण पुरावा नष्ट केला नाही. प्रमाण ठरविण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही. एखादा ग्रंथ प्रमाण आहे असे म्हणणे म्हणजे त्यावर कोणाचे मालकीचे शिक्के आहेत हे सांगणे नव्हे. या विधानासाठी उत्तर द्यावयास कोण बांधलेला आहे, हे सांगणे होय.

खेळाच्या निर्मात्यांनी एकदा निर्णय देण्याचेच टाळले, त्याची हकिकत उद्बोधक आहे. मालिकेतील दुसऱ्या खेळाला, १९९६ सालच्या 'डॅगरफॉल'ला, निरनिराळे शेवट होते. एक प्रचंड यांत्रिक शक्ती कोणाच्या हाती द्यावयाची हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे, आणि त्याप्रमाणे एखादा राजा, सम्राट किंवा मांत्रिक विजयी व्हावयाचा. पुढचा भाग लिहिताना प्रश्न आला, की यांपैकी कोणता शेवट खरा धरावा? निर्मात्यांनी उत्तर दिले की सगळेच. त्या दिवशी काळच तुटला. एकाच वेळी सर्व शेवट घडले. आणि काळ पुन्हा सांधला गेला तेव्हा त्या आखातावरील चव्वेचाळीस राज्यांची चार झाली होती. या कल्पनेला त्या जगात 'ड्रॅगन ब्रेक' म्हणतात. काळाचा देव तेथे ड्रॅगनच्या रूपाचा आहे.

ही युक्ती चतुर आहे, आणि तिच्यात एक प्रकारचे औदार्यही आहे. कारण कोणत्याही खेळणाऱ्याचे श्रम तिने खोटे ठरविले नाहीत. परंतु चाहत्यांपैकी काहींनी पुढे हीच किल्ली लाल पर्वताच्या कुलुपाला लावली. तेथेही काळ तुटला होता, असे ते म्हणतात. म्हणून नेरेव्हार जखमांनी मेला हेही खरे आणि तो मारला गेला हेही खरे. व्हिवेक खुनीही आहे आणि निर्दोषही आहे. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. या ठिकाणी मात्र मला थांबावेसे वाटते. डॅगरफॉलच्या प्रत्येक शेवटामागे ते कृत्य करणारा एक खेळाडू होता. कोणीही आपले कृत्य नाकारीत नव्हता. लाल पर्वतावर प्रश्न निराळा आहे. तेथे एक पक्ष म्हणतो की आम्हांला मारले, आणि दुसरा म्हणतो की आम्ही मारलेच नाही. या दोन विधानांना एकाच मापाने 'खरे' म्हणणे हे निःपक्षपातीपणाचे लक्षण दिसते, पण ते तसे नाही. त्याचा सारा लाभ नाकारणाऱ्याच्या पदरात पडतो. आणि अनेक सत्ये एकत्र नांदतात हे क्षणभर मान्य केले, तरी त्या अनेकांपैकी एकात जर नेरेव्हारचा वध झाला, तर वध झाला. शेजारच्या सत्यात तो झाला नाही म्हणून या सत्यातले रक्त धुतले जात नाही. व्हिवेकने स्वतः लपवून ठेवलेली जबानी हेच सांगते. तिने 'हेही आणि तेही' असे म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नेरेव्हार नावाचा कोणी नव्हताच. तो शाईचा आणि विजेचा बनलेला आहे. मग त्याच्या खुनाचे सत्य ते काय असणार? यावर माझे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक तर, उत्तर न सांगणे आणि उत्तर नसणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथकाराने निकाल न देताही पुरावे कमीअधिक वजनाचे करून ठेवलेले असतात. ते वजन करणे हे वाचकाचे काम आहे. दुसरे असे, की वाचनाने आपल्याला लागते ती सवय. कल्पित साक्षीदारांची साक्ष 'ज्याचे त्याचे सत्य' म्हणून सोडून देण्याची सवय ज्याला लागली, तो खऱ्या साक्षीदारापुढेही खांदे उडविल्याशिवाय राहणार नाही. कान एकच असतो. त्याने ऐकावयाचे कथांना निराळे आणि माणसांना निराळे, असे होत नाही.

आपल्याच परंपरेतील एक उदाहरण घेऊ. देहूच्या तुकोबांचा इ. स. १६५० च्या सुमारास अंत झाला. ते सदेह वैकुंठाला गेले, असे भाविक मानतात. वैकुंठगमन हे भक्ताच्या समरसतेचे रूपक आहे, असे कित्येक सुशिक्षित समजतात. आणि त्यांचा घातपात झाला असावा व वैकुंठाची कथा त्यावर पांघरूण म्हणून आली असावी, अशी शंका काही अभ्यासकांनी उघडपणे मांडली आहे. या तिन्ही वाचनांतील खरे कोणते, हे ठरविणे या लेखाचे काम नाही. परंतु एवढे मात्र दिसते की मधले वाचन, जे सर्वांत सौम्य आणि सुसंस्कृत वाटते, तेच सर्वांत सोयीचे आहे. भाविकाला काही सिद्ध करावे लागते, कारण तो चमत्कार घडला असे म्हणतो. शंका घेणाऱ्यालाही काही सिद्ध करावे लागते, कारण तो अपराध घडला असे म्हणतो. 'रूपक आहे' म्हणणाऱ्याला मात्र काहीच सिद्ध करावे लागत नाही. त्याचे म्हणणे खरेही असू शकेल. पण ते पुराव्याने पटले म्हणून तो म्हणतो की सुटका होते म्हणून म्हणतो, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे.

रूपक म्हटले की वस्तू हलकी होते, असा आपला एक भ्रम आहे. व्हार्डेनफेलच्या दक्षिणेला व्हिवेकच्या नावाचे जे शहर आहे, त्याच्यावर आकाशात एक अजस्र शिळा लटकते आहे. ती शहरावर कोसळत होती. व्हिवेकने ती अधांतरी थांबविली, आणि लोकांचे आपल्यावरील प्रेम आटले तर ती पडेल, असे त्याने सांगून ठेवले, अशी कथा आहे. मंदिराने ती शिळा पोखरून आत एक तुरुंग केला. अधिकृत मताविरुद्ध बोलणाऱ्या पुरोहितांना तेथे कोंडले जाते. त्या तुरुंगाचे नाव 'सत्याचे मंत्रालय'. ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतही याच नावाचे मंत्रालय आहे, हे अनेकांना आठवेल. आता ही शिळा रूपक नव्हे तर काय? लोकांच्या डोक्यावर टांगलेले सत्य, आणि त्याच्या पोटात कोंडलेले असहमत! परंतु त्या जगात ती खरी शिळाही आहे; तिला वजन आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द इन्फर्नल सिटी' या ग्रेग कीझच्या कादंबरीत कळते, की व्हिवेक नाहीसा झाल्यावर कालांतराने ती शिळा खरोखरच कोसळली आणि शहर नष्ट झाले. तिच्याखाली सापडलेल्यांना ती रूपक आहे की वस्तू आहे, हा प्रश्न पडला नसेल. उत्तम रूपकाचे हेच लक्षण म्हणावे लागेल, की ते वस्तूचे वजन कमी करीत नाही.

खेळ खेळणाऱ्याची स्वतःची कथाही याच प्रश्नाभोवती विणलेली आहे. तो एक सुटका झालेला कैदी म्हणून बेटावर उतरतो. त्याचे आईबाप अज्ञात आहेत. नेरेव्हार पुनर्जन्म घेऊन येईल, अशी टोळ्यांची भविष्यवाणी आहे, आणि तिच्यातील काही खुणा या कैद्याला लागू पडतात. दूरच्या सम्राटाच्या हेरांनी नेमक्या त्यासाठीच त्याला पाठविले आहे. मग तो खरोखर नेरेव्हारचा अवतार की राजकारणाने उभा केलेला सोंगाड्या? टोळीतील जाणती स्त्री त्याला सांगते की तू अजून तो नाहीस. तू तो होऊ शकशील. पुढे एका गुहेत त्याला पूर्वी अयशस्वी ठरलेल्या दावेदारांची भुते भेटतात. त्यांच्याही ठिकाणी काही खुणा असतीलच. पण ते काम पुरे करू शकले नाहीत. आणि शेवटी डॅगोथ उर त्याला समोरासमोर विचारतो, की तू खरोखर नेरेव्हार आहेस काय? होय म्हणता येते. मी स्वतःच्या कर्तृत्वाने येथवर आलो, असेही म्हणता येते. मला ठाऊक नाही, असेही म्हणता येते. यांपैकी कोणत्याही उत्तराला खेळ चूक ठरवीत नाही.

वरवर पाहता हे माझ्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाते, असे कोणी म्हणेल. नेरेव्हार कसा मेला याचे उत्तर पाहिजे असा आग्रह धरणाऱ्याने, त्याचा अवतार कोण याचे उत्तर मोकळे सोडावे काय? मला यात विरोध दिसत नाही. पहिला प्रश्न दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाचा आहे; तेथे उत्तर माझ्या आवडीवर सोडता येत नाही, कारण ज्याला भोगावे लागले तो मी नव्हे. दुसरा प्रश्न मी कोण व्हावे याचा आहे. तेथे उत्तर आधी तयार असेल, तर मला करावयाचे काहीच उरणार नाही. जे घडून गेले त्याच्या बाबतीत वाचक साक्षीदाराचा ऋणी असतो; जे घडावयाचे आहे त्याच्या बाबतीत तो मोकळा असतो. या दोहोंची अदलाबदल केली की सारा घोटाळा होतो. आपण भूतकाळाविषयी म्हणतो की ज्याचे त्याचे सत्य, आणि स्वतःविषयी म्हणतो की मी असाच जन्मलो. व्हिवेकच्या प्रवचनांतील वरच्या कथेने हेच केले होते: वध झाकला, आणि देवपण जन्मसिद्ध ठरविले. खालच्या जबानीने दोन्ही गोष्टी पुन्हा जागच्या जागी ठेवल्या.

म्हणून अद्भुताच्या जगात फिरताना, आणि आपल्या पुराणांच्या, चरित्रांच्या व इतिहासाच्या जगात फिरतानाही, रूपकाला भिण्याचे कारण नाही. रूपकावाचून माणसाला आपले मोठे अनुभव सांगता येत नाहीत. एवढेच करावे, की कोणत्याही हकिकतीवर रूपकाची चिठ्ठी चिकटविण्यापूर्वी, ती चिकटविल्याने कोणाचा आवाज बंद होतो हे पाहून घ्यावे. कोणाचाच होत नसेल तर खुशाल चिकटवावी. होत असेल तर आधी त्याचे म्हणणे ऐकावे, आणि ते पानाच्या तळाशी का होईना, पण लिहून ठेवावे.